मासा गळाला आणि अस्वल काठावर: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

अलास्कात किंवा ब्रिटिश कोलंबियात सॅमनच्या हंगामात गळ टाकायला जाणारे बहुतेक जण अस्वलाबद्दल चार गोष्टी वाचूनच येतात. पळायचं नाही, अस्वल थोपवायचा मिरचीचा स्प्रे जवळ ठेवायचा, पिल्लांच्या जवळ जायचं नाही. तरीही नदीवर अस्वल समोर आलं की त्याच त्या चुका होतात. कारण त्या सूचना पायवाटेने चालणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. मासे धरणाऱ्याची गत वेगळी असते. दोन्ही हात गुंतलेले, पाय गुडघाभर पाण्यात, कानात नदीचा घोष, आणि हातातल्या दोरीच्या टोकाला अस्वलाचं जेवण तडफडतंय.

बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी मासा काठावर घ्यायची धडपड, मग फोन, मग बॅग, आणि शेवटी स्प्रे. खरा क्रम असा आहे: दोरी, स्प्रे, माणसं, माघार. या लेखात तोच क्रम सविस्तर सांगतो.

एक हिशेब आधी करून ठेवा. तपकिरी अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतं, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. ४५ मीटरवर असलेलं अस्वल तीन सेकंदांत तुमच्यापाशी पोचतं. त्या तीन सेकंदांत जे हाताशी असेल तेवढंच कामाला येतं.

## १. घरून निघण्यापूर्वी

स्प्रे. बेअर स्प्रेच घ्या. माणसांपासून बचावासाठी पर्समध्ये ठेवायचा मिरचीचा छोटा फवारा इथे चालत नाही. डब्यावर तीन आकडे बघा: किमान ७.९ औंस म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम माल, किमान २५ फूट म्हणजे साडेसात मीटर पल्ला, आणि किमान ६ सेकंद चालणारा फवारा. मुदतीची तारीखही बघा. जुन्या डब्यातला दाब उतरलेला असतो. विमानात हा डबा हातातल्या सामानात चालत नाही आणि खाली टाकायच्या सामानातही चालत नाही, म्हणून तिथे पोचल्यावरच विकत घ्यायचा. पुढे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, सीप्लेनने, जाणार असाल तर वैमानिकाला आधीच सांगा, तो डबा बहुधा बाहेरच्या फ्लोटच्या, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या पोकळ तराफ्याच्या, कप्प्यात ठेवतो.

या फवाऱ्यावर मी एवढा भर का देतो? अलास्कातल्या ८३ घटनांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्प्रे वापरल्यावर तपकिरी अस्वलांचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबलं आणि काळ्या अस्वलांचं ९० टक्के वेळा. पण हे आकडे स्प्रे प्रत्यक्ष मारल्याचे आहेत. बॅगेत राहिलेल्या डब्याला ते लागू नाहीत.

स्प्रे कुठे बांधायचा. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. पायवाटेवर कमरेचा पट्टा ठीक आहे. छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी बुटांसकटची विजार, घालून पाण्यात उतरलात की कंबर पाण्याखाली जाते आणि डबाही. डबा छातीवर, तिरक्या पट्ट्यात, वेडर्सच्या बाहेर हवा. बनियनच्या आत नको, रेनकोटखाली नको, आणि पाठीवरच्या सॅकच्या जाळीत तर मुळीच नको.

पिन काढायचा सराव. माझा पहिला डबा मी दोन दिवस छातीवर मिरवला. तिसऱ्या दिवशी तंबूपाशी बसून तो नीट पाहिला तेव्हा कळलं की दुकानातून आलेली बारीक प्लास्टिकची पट्टी घोड्याभोवती तशीच आवळलेली आहे. ती हाताने तुटत नव्हती, चाकू लागला. दोन दिवस माझ्याकडे स्प्रे असून नसल्यासारखाच होता. ती पट्टी घरीच कापा. सेफ्टी क्लिप मात्र जागेवर राहू द्या. मग आतमध्ये मिरची नसलेला सरावाचा डबा मिळतो, त्यावर हात बसवा: डबा पट्ट्यातून काढणं, अंगठ्याने क्लिप मागे ओढणं, दाबणं. डाव्या हातानेही करून बघा, कारण उजव्या हातात गळाची काठी असणार.

दोरी कापायचं हत्यार. साधा नेलकटर किंवा लहान कात्री, छातीवर मागे ओढली जाणाऱ्या दोरीला टांगलेली. सॅमनसाठी वापरतात ती विणलेली दोरी हाताने तुटत नाही, बोटं मात्र कापते.

तपासणी: वेडर्स, रेनकोट, सॅक सगळं अंगावर चढवून आरशासमोर उभे राहा. डोळे मिटून स्प्रे हातात यायला किती वेळ लागतो? दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर डब्याची जागा बदला.

## २. नदीवर पोचल्यावर, गळ टाकण्याआधी

पहिली पाच मिनिटं फक्त बघण्यात घालवा. ओला पंजा कोरड्या दगडावर उमटलेला दिसला तर अस्वल आत्ता, काही मिनिटांपूर्वी इथून गेलंय, कारण उन्हात असा ठसा फार काळ टिकत नाही. अर्धवट खाल्लेले सॅमन बघा. मासे मुबलक असतात तेव्हा अस्वलं मेंदू, कातडी आणि अंडी एवढंच खाऊन बाकीचा मासा टाकून देतात. मांस ओलं, लालसर असेल तर जागा चालू आहे असं समजा. चेपलेलं गवत म्हणजे दुपारी पडायची जागा. आणि माती, गवत, काटक्या ओढून झाकलेलं मोठं जनावर दिसलं किंवा एकाच जागी कावळ्यांचा गोंगाट ऐकू आला, तर तिथून आल्या वाटेने लगेच परत फिरा. झाकलेल्या शिकारीचा मालक बहुधा जवळच असतो.

जागा निवडताना मासा कुठे आहे यापेक्षा तुम्हाला किती लांबवर दिसतंय ते बघा. रुंद रेतीचा किंवा गोट्यांचा पट्टा उत्तम. आल्डरच्या दाट झुडपांना पाठ लावून उभं राहणं वाईट. नदीचा काठ हाच अस्वलांचा रस्ता असतो, आणि झुडपातून काठावर येणारी मळलेली वाट दिसली तर तिच्या तोंडाशी उभं राहू नका.

आवाज करत राहा. वाहत्या पाण्याजवळ तुमचं साधं बोलणं अस्वलाला ऐकू जात नाही, आणि अचानक समोर आलेला माणूस हेच पुष्कळ हल्ल्यांचं कारण असतं. वळणावर, झुडपापाशी मोठ्याने हाक द्या. भाषा कुठलीही चालते. मी मराठीतच बोलतो, कारण घाबरलेल्या क्षणी तोंडातून तीच निघते.

कधीही एकटे जाऊ नका. आणि दोघंही एकाच वेळी पाण्याकडे बघत असाल तर दोघं असून उपयोग नाही. एकाचा मासा लागला की दुसऱ्याने गळ आवरायचा आणि काठाकडे तोंड करून उभं राहायचं. हे आधीच ठरवून घ्या.

सावधान: पकडलेल्या माशांची माळ स्वतःच्या कमरेला किंवा पायाला बांधून पाण्यात सोडायची सवय पुष्कळांना असते. अस्वलांच्या नदीवर हे करू नका. ती माळ ओढायला येणारं अस्वल तुमच्यापर्यंत येतं.

सामानाचंही तसंच. अलास्कातल्या कीनाय द्वीपकल्पावरच्या रशियन रिव्हर या नदीच्या भागात हंगामात अन्न, मासे आणि सॅक आपल्यापासून ३ फुटांच्या आत ठेवण्याचा नियम लावतात. नियम नसेल तिथेही तो पाळा. वीस पावलांवर ठेवलेली सॅक ही अस्वलाच्या दृष्टीने सोडून दिलेली सॅक असते.

## ३. अस्वल लांब दिसलं

अजून त्याला तुमच्याशी घेणं नाही. तरी गळ लगेच गुंडाळायचा. पाण्यात असाल तर काठाच्या बाजूला, उथळ जागी या, पण अस्वलाच्या वाटेत नाही. काठी एका हातात, दुसरा हात स्प्रेवर.

अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रुक्स नदीवर नियमच आहे: अस्वल ५० यार्डांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत आलं की मासेमारी बंद. तिथे आलेल्या प्रत्येकाला आधी अस्वलांबद्दलची माहिती ऐकावी लागते आणि मगच पुढे सोडतात. पण ४५ मीटर ही शेवटची मर्यादा आहे. मला विचाराल तर अस्वल दिसलं आणि ते तुमच्या दिशेने चालतंय एवढं कळलं, तर अंतर मोजत बसू नका. गळ तेव्हाच बाहेर काढा. पाण्यात गळ असेपर्यंत मासा लागण्याची शक्यता असते, आणि नको त्या क्षणी लागलेला मासा हीच पुढची अडचण.

अस्वल काठाने चालत येत असेल तर त्याला रस्ता द्या. बाजूला सरकून थांबलात तर ते बहुतेक वेळा तुमच्याकडे न बघता निघून जातं. मागे उलट फिरून त्याच वाटेने त्याच्या पुढे पुढे चालू नका, त्यात तुम्हीच त्याला मागे घेऊन जाता.

## ४. मासा गळाला आहे आणि अस्वल येतंय

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा.

गळाला लागलेला मासा पाण्यावर आपटतो. तो फटफट आवाज म्हणजे अस्वलाला जेवणाची हाक. जिथे माणसं गळ टाकतात तिथली काही अस्वलं हे शिकलेली असतात: काठी वाकली, पाणी उसळलं, की तिकडे जायचं. एकदा फुकटचा मासा मिळाला की ते अस्वल दुसऱ्या दिवशी पुढच्या माणसाकडे जातं, आणि शेवटी ती सवय बहुधा त्या अस्वलाच्याच जिवावर बेतते. म्हणून मासा अस्वलाच्या तोंडी लागू न देणं तुमच्यासाठी जेवढं गरजेचं तेवढंच त्याच्यासाठीही.

(अ) आधी ढील द्या. पतंगाला देतो तशीच. काठीचं टोक खाली, रीळ मोकळं. ताण गेला की मासा बहुधा तडफडायचा थांबतो आणि खोल पाण्याकडे वळतो. आवाज बंद होतो. मासा जोराने ओढून लवकर काठावर घ्यायचा प्रयत्न नेमका उलटा परिणाम करतो: ताण वाढतो, मासा वर येतो, पाणी जास्त उसळतं.

(आ) मग दोरी कापा. काठीच्या टोकाजवळ, जिथे हात पोचेल तिथे. हत्यार नसेल तर काठी सरळ माशाच्या रेषेत धरा, रिळाची चकती तळव्याने घट्ट दाबा आणि मागे सरका. गाठ तुटते. काठी वाकवून झटका देऊ नका. त्यात काठी मोडेल, किंवा गळ सुटून तोंडावर येईल. दोरी उघड्या हाताला गुंडाळणं तर सर्वात घातक.

(इ) काठी टाकली तरी चालेल. दोन्ही हात हवे असतील तर ती सोडून द्या.

एका सकाळी माझ्या शेजारच्या माणसाला सॉकआय जातीचा सॅमन लागला होता. चांगला मासा, चंदेरी, दोनदा पाण्याबाहेर उडाला. त्याच वेळी समोरच्या काठावरची झुडपं हलली आणि एक तरुण अस्वल थेट पाण्यात उतरलं, डोकं वर काढून, कान माशाकडे लावून. तो माणूस म्हणत होता, ‘दहाच सेकंद, आलाच.’ दहा सेकंदांत अस्वलाने अर्धी नदी ओलांडली. त्याच्या मित्राने न विचारता पुढे होऊन दोरी कापली. पाणी शांत झालं. अस्वल मध्यावर थांबलं, माशाच्या जागी दोनदा वळून पाहिलं आणि प्रवाहाबरोबर खाली गेलं. आम्ही चौघं काठावर एकमेकांना चिकटून उभे होतो आणि कुणाच्याच हातात काठी नव्हती.

सावधान: धरलेला मासा अस्वलाकडे फेकून स्वतःची सुटका करून घेऊ नका. तो लाच म्हणून काम करत नाही, धडा म्हणून करतो. आणि एकदा अस्वलाने मासा धरला की तो त्याचा. परत ओढायचा प्रयत्न नाही, दोरी लागलेली असेल तरी नाही.

## ५. जवळ, समोरासमोर

दोरीचा प्रश्न मिटला. आता स्प्रे बाहेर, क्लिप काढलेली. सगळी माणसं खांद्याला खांदा लावून एकत्र. एकत्र उभ्या माणसांचा आकार अस्वलाला मोठा दिसतो. सावकाश, संथ आवाजात बोलत राहा. किंचाळायचं नाही. पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, खोल पाण्यात शिरायचं नाही. अस्वल पोहण्यात तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे.

मग अस्वल काय सांगतंय ते वाचा. मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल बहुधा नीट बघायचा आणि वास घ्यायचा प्रयत्न करत असतं, तो हल्ला नसतो. फुत्कार, जबड्याचा कटकट आवाज, तोंडातून गळणारी लाळ, जमिनीवर पंजा आपटणं, याचा अर्थ ते घाबरलंय आणि तुम्ही फार जवळ आहात. त्याला जागा द्या: तोंड त्याच्याकडे ठेवून तिरकं, मागे, सावकाश सरका. गोट्यांवरून मागे सरकताना पडायची भीती असते, म्हणून पाय न उचलता घासत न्या आणि शेजाऱ्याचा दंड धरा. तुम्ही सरकल्यावर ते पुढे येऊ लागलं तर थांबा आणि जागेवर ठाम उभे राहा.

आवाज न करता, डोकं किंचित खाली, नजर तुमच्यावर रोखून मागे मागे येणारं अस्वल ही वेगळीच गोष्ट. ते घाबरलेलं नाही. इथे मागे सरकत राहून उपयोग नाही. मोठे व्हा, ओरडा, दगड उचला, आणि टप्प्यात आलं की स्प्रे मारा.

पाण्यात असाल तर याआधीच काठावर आलेलं असायला हवं. वेडर्समध्ये पाणी भरलं तर उभं राहणंही कठीण होतं, आणि पुढच्या टप्प्यात जमिनीवर पडावं लागलं तर त्यासाठी कोरडी जागा लागते.

## ६. अंगावर धावून आलं तर

पुष्कळदा हा देखावा असतो. अस्वल धावत येतं आणि काही मीटरवर थांबतं किंवा बाजूला वळतं. पण तो देखावा आहे की नाही हे आधी ओळखायला जाऊ नका. ३० ते ६० फुटांवर, म्हणजे ९ ते १८ मीटरवर आलं की फवारा सुरू करा. नेम त्याच्या तोंडाच्या थोडा खाली, पुढच्या जमिनीच्या बाजूला, हात किंचित डावीकडून उजवीकडे. उद्देश असा की तुमच्या आणि त्याच्या मध्ये ढग तयार व्हावा आणि ते त्यात शिरावं. सगळा डबा एका दमात संपवू नका. थांबलं, वळलं की तुम्हीही थांबा, बघा, गरज पडली तर पुन्हा मारा.

नदीवर वारा बहुतेक वेळा प्रवाहाच्या रेषेत वाहतो. तोंडावर वारा असेल तर अस्वल अजून जवळ येईपर्यंत थांबावं लागतं, आणि थोडा फवारा तुमच्याही डोळ्यांत जाणार हे धरून चला.

फवाऱ्यानंतरही अंगाला भिडलं, तर पुढचा निर्णय अस्वल कुठलं आणि का आलं यावर. रंगावर जाऊ नका, काळी अस्वलं तपकिरीही असतात आणि तपकिरी जवळजवळ काळी. खांद्यावर बैलासारखं वशिंड, मध्ये दबलेला चेहरा आणि पुढच्या पंजाची लांब नखं म्हणजे तपकिरी, म्हणजेच ग्रिझली. वशिंड नाही, चेहरा सरळ, कान ठळक म्हणजे काळं.

तपकिरी अस्वल घाबरून, पिल्लांसाठी किंवा खाण्यासाठी भिडलं असेल तर पालथे पडा, सॅक पाठीवर राहू द्या, बोटं मानेमागे गुंफा, पाय फाकवा म्हणजे ते तुम्हाला उलटं करू शकणार नाही. केलंच तर लोळून पुन्हा पालथे व्हा. अंगावरून गेल्यावरही उठू नका. काही मिनिटं निपचित पडा, कारण हालचाल दिसली तर ते परत येतं. हे सगळं अंगाला भिडल्यावरच, धावून येत असताना नाही. आणि मारणं थांबत नसेल, किंवा ते खाऊ लागलं असेल, तर मात्र झगडायचं.

काळं अस्वल असेल, किंवा कुठलंही अस्वल शिकारीसारखं मागावर आलं असेल, किंवा रात्री तंबूत शिरलं असेल, तर मेल्याचं सोंग नाही. दगड, काठी, चाकू, जे हाताला लागेल त्याने नाकावर आणि तोंडावर.

## ७. अस्वल गेल्यानंतर

त्याच जागी परत गळ टाकू नका, त्या दिवशी तर नाहीच. रेंजरला किंवा मत्स्य आणि वन्यजीव खात्याच्या लोकांना कळवा: जागा, वेळ, मासा मिळाला का. मासा मिळालेलं अस्वल असेल तर हे त्याच दिवशी कळवणं महत्त्वाचं, कारण मागून येणाऱ्या माणसाला ते माहीत असायला हवं.

स्प्रे डोळ्यांत गेला असेल तर चोळू नका, भरपूर थंड पाण्याने धुवा. कपड्यांवर, सामानावर पडलेला फवारा तसाच तंबूत नेऊ नका. जमिनीवर उरलेल्या मिरचीच्या वासाकडे अस्वलं आकर्षित होतात. म्हणूनच तंबूभोवती किंवा सॅकवर ‘संरक्षण म्हणून’ हा स्प्रे मारून ठेवणं ही मोठी चूक आहे. वापरलेला डबा अर्धा उरला असला तरी पुढच्या दिवसासाठी नवा घ्या.

आधी धरलेले मासे असतील तर ते साफ करण्याची जागाही बघून निवडा. तंबूपाशी किंवा लोक गळ टाकतात त्या ठिकाणी नको. रशियन रिव्हरवर सांगाडा एकतर पूर्ण घरी न्यायचा किंवा बारीक तुकडे करून वेगवान प्रवाहात फेकायचा असं सांगतात. उथळ पाण्यात टाकलेला अख्खा सांगाडा काठाला लागून कुजत राहतो आणि अस्वलं जेवायला येऊन तिथेच थांबतात. तळ्यावर असाल आणि नियम परवानगी देत असतील तर माशाच्या पोटातली हवेची पिशवी फोडून सांगाडा खोल पाण्यात सोडा, नाहीतर तो तरंगून काठाला येतो. प्रत्येक नदीचे नियम वेगळे असतात, त्या वर्षीचे ताजे आदेश वाचून मगच चाकू काढा.

मासे कापताना अंगावर होते ते कपडे घालून झोपू नका. ते, हात पुसायचं फडकं आणि गळाची पेटी, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा गाडीत, तंबूपासून किमान १०० मीटरवर ठेवा.